विश्लेषण : पदवीनंतर लँडस्केप आर्किटेक्चर? वाट आहे, पण फाटक अरुंद आहे

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले गाव. एका बाजूला अजिंठ्याची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला बुलढाणा जिल्ह्याची हद्द, आणि मधे कापूस, मका, सोयाबीन, मिरचीचे शिवार. अशा गावातल्या एखाद्या पदवीधर मुलीने घरी सांगितले की, 'मला लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचे आहे', तर पहिला प्रश्न ठरलेला असतो : म्हणजे बंगल्यापुढे लॉन लावायचे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना हसण्यात अर्थ नाही. हा विषय आपल्याकडे बहुतेकांनी हॉटेलच्या आवारात किंवा बिल्डरच्या माहितीपत्रकातच पाहिला आहे. प्रत्यक्षात त्याचा संबंध लॉनपेक्षा पाणी, माती, उतार, सावली आणि माणसांच्या वावराशी जास्त आहे. म्हणजे ज्या गोष्टींवर मराठवाड्याचे गाव जगते किंवा उठते, त्याच गोष्टींशी. तरीही हे शिक्षण घेण्याची वाट गावातल्या पदवीधरासाठी अवघड का, ती नेमकी कुठून जाते आणि त्यात काय बदलायला हवे, हे समजून घेऊ.

लँडस्केप आर्किटेक्चर म्हणजे नेमके काय?

इमारतीच्या भिंती आर्किटेक्ट ठरवतो. भिंतीबाहेरच्या जमिनीचे काय, हे लँडस्केप आर्किटेक्ट ठरवतो. मराठीत याला भूदृश्यरचना किंवा भूदृश्य वास्तुकला म्हणतात. पावसाचे पाणी कुठून येईल, कुठे थांबेल, कुठे मुरेल. जमीन किती कापायची, किती भरायची. कोणते झाड कुठे लावायचे आणि पन्नास वर्षांनी त्याचा घेर किती असेल. माणसे कुठून चालतील, कुठे बसतील. हे सगळे एका नकाशावर आणण्याचे हे शास्त्र आहे.

उद्यान हा त्याचा एक भाग झाला. नदीकाठ, तलाव, खाणीचे खड्डे, कचराभूमी, महामार्गाच्या कडा, विद्यापीठांची आवारे, स्मशानभूमी, तीर्थक्षेत्रे, शाळेची मैदाने ही सगळी या विषयाची कामे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात लँडस्केप आर्किटेक्टला २१६२ हा स्वतंत्र क्रमांक आहे. इमारतींचे आर्किटेक्ट २१६१ मध्ये येतात. म्हणजे जगाच्या लेखी हा माळीकामाचा उपप्रकार नाही आणि वास्तुकलेचे शेपूटही नाही. आपल्याकडे नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्येही लँडस्केपसाठी वेगळा भाग, भाग १०, आहे.

ही वाट कोणी पाडली?

या व्यवसायाचा इतिहास पदवीधरांना धीर देणारा आहे. आज जी शैक्षणिक अट दारात उभी असते, ती या क्षेत्राच्या पूर्वजांपैकी अनेकांनी पूर्ण केली नसती.

न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क ज्याच्या नावाने ओळखले जाते तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आर्किटेक्ट नव्हता. त्याने आधी शेती केली, मग वृत्तपत्रासाठी अमेरिकेच्या दक्षिणेत फिरून वार्तांकन केले. १८५७ मध्ये तो पार्कच्या कामावर अधीक्षक म्हणून लागला आणि १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉक्स या आर्किटेक्टसोबत त्याने पार्कच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली. शेतकरी-पत्रकार आणि आर्किटेक्ट अशी ती जोडी होती. पुढे १९०० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला.

आपल्या जवळचे उदाहरण पॅट्रिक गेडिस यांचे. ते मुळात जीवशास्त्रज्ञ. भारतातल्या अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते प्रमुख होते. जुने तलाव बुजवू नका, वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्याआधी ती वस्ती पायी फिरून पाहा, हा त्यांचा आग्रह. वनस्पतींचा अभ्यास केलेला माणूस गावाकडे पाहतो तेव्हा त्याला काय दिसते, याचा तो नमुना होता.

स्वतंत्र भारतात अहमदाबादेतून काम करणारे प्रभाकर भागवत हे या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या नावांपैकी एक. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये शिकवणारे मोहम्मद शाहीर यांचे काम हुमायूनची कबर आणि सुंदर नर्सरीच्या परिसरात पाहायला मिळते. भारतातल्या लँडस्केप आर्किटेक्टची संघटना, इसोला, २००३ मध्ये स्थापन झाली. म्हणजे भारतात हा व्यवसाय संघटित झाला त्याला अजून पाव शतकही झालेले नाही.

धावड्यासारख्या गावाला याचे काय?

अजिंठ्याची रांग ही पाणलोटाची सीमा आहे. रांगेच्या उत्तरेला उतरणारे पाणी वाघूरसारख्या नद्यांतून तापीला जाते, दक्षिणेला उतरणारे पूर्णेतून गोदावरीला. एकाच पावसाच्या दोन वाटा. अशा जागी जमीन वाचता येणे हे शौकाचे काम राहत नाही.

साधा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७० लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत ७०० टँकर. एका हेक्टरवर. त्यातले किती मुरले, किती मातीसकट वाहून गेले, हे उतार, मातीचा थर, बांध आणि झाडोरा ठरवतो. उन्हाळ्यात आपण टँकरची वाट पाहतो, तेव्हा प्रश्न फक्त पाऊस किती पडला एवढाच नसतो. पडलेल्या पावसाला जमिनीने काय सांगितले, हाही असतो.

जालना जिल्ह्यातच याचे उत्तर उभे आहे. जालना तालुक्यातल्या कडवंची गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे आणि विजयअण्णा बोराडे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने समतल चर, बांधबंदिस्ती, नाल्यावरचे बांध झाले. नंतर शेततळी आली, द्राक्षबागा आल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळत असताना कडवंचीची चर्चा राज्यभर झाली ती याच कारणाने.

कडवंचीचे काम कोणी लँडस्केप आर्किटेक्चर म्हणून केले नाही. पण त्याची पद्धत तीच होती : आधी पूर्ण पाणलोट पाहायचा, मग काम कुठे सुरू करायचे ते ठरवायचे. इयन मॅकहार्ग यांच्या १९६९ च्या 'डिझाइन विथ नेचर' या पुस्तकाने हीच पद्धत जगभर अभ्यासक्रमात नेली. माती, उतार, पाणी, वनस्पती, वस्ती यांचे वेगवेगळे नकाशे एकमेकांवर ठेवायचे आणि मग जमीन कशासाठी योग्य आहे ते वाचायचे. आजचे जीआयएस सॉफ्टवेअर हेच करते.

आता उलट चित्र पाहा. आपल्याकडे ओढ्याचे खोलीकरण एक यंत्रणा करते, रस्त्याची मोरी दुसरी बांधते, झाडे तिसरी लावते, शाळेचे कुंपण चौथी घालते. माथ्यावर काहीच न करता पायथ्याचा नाला जेसीबीने खोल केला की पहिल्या मोठ्या पावसात तो गाळाने भरतो. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २ कोटींवरून ३३ कोटींवर गेले. पण झाड कोणत्या मातीत, कोणत्या उतारावर, कोणाच्या सावलीसाठी, या प्रश्नांना आकड्यांइतकी जागा मिळाली नाही. सगळ्या यंत्रणा आपापले काम करतात. संपूर्ण शिवाराचा नकाशा मात्र कोणाच्याच टेबलावर नसतो. नेमकी हीच रिकामी खुर्ची लँडस्केप आर्किटेक्टची आहे.

बी.आर्क. झालेल्यांसाठी मार्ग कोणता?

हा मार्ग सर्वांत सरळ आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यायचा, पाच वर्षांचे बी.आर्क. करायचे आणि त्यानंतर दोन वर्षांचे, चार सत्रांचे पदव्युत्तर शिक्षण. या पदवीला कुठे एम.आर्क. लँडस्केप म्हणतात, तर कुठे मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर.

दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, आणि आपल्याकडे पुण्याचे भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय, ही या विषयाची ओळखीची ठिकाणे. केंद्रीय संस्थांसाठी गेट परीक्षेचा 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग' हा पेपर महत्त्वाचा. २०२१ पासून या पेपरचे दोन भाग आहेत : पहिला सर्वांना समान, दुसऱ्यात आर्किटेक्चर किंवा नियोजन यांपैकी एक निवडायचा. गेटचा गुणांक तीन वर्षे चालतो. गेटच्या आधारे केंद्रीय संस्थेत प्रवेश मिळालेल्यांना दरमहा १२,४०० रुपयांच्या शिष्यवृत्तीची सोय आहे. गावातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी ही रक्कम म्हणजे खोलीचे भाडे आणि मेस. काही संस्था स्वतःची परीक्षा, मुलाखत आणि पोर्टफोलिओही मागतात. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे क्लासवाल्याच्या माहितीपेक्षा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

सिव्हिल, कृषी किंवा विज्ञानाच्या पदवीधरांचे काय?

खरी अडचण इथे आहे. धावड्यासारख्या गावातून आर्किटेक्चरला जाणारी मुले मोजकी. बहुतेक जण इंजिनिअरिंग, कृषी, बी.एस्सी. किंवा बी.ए. करतात. जमीन कळण्याची त्यांची तयारी चांगली असते. पण एम.आर्क.साठी बहुतेक ठिकाणी बी.आर्क. हीच अट आहे. गेटचा आर्किटेक्चरचा पेपर सिव्हिलचा विद्यार्थी देऊ शकतो, चांगले गुणही मिळवू शकतो. प्रवेशाच्या खिडकीत मात्र पदवी विचारली जाते.

मग पर्याय काय?

सिव्हिल इंजिनिअरसाठी नियोजनाचे दार उघडे आहे. पुण्याच्या सीओईपीमध्ये नगररचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दिल्ली आणि भोपाळच्या एसपीएमध्ये पर्यावरण नियोजनात एम.प्लॅन करता येते. तिथे पाणलोट, जमीन वापर, जीआयएस हे विषय येतात. पदवीवर लँडस्केप हा शब्द नसतो, पण कामाचा मोठा भाग तोच असतो.

बी.एस्सी. अ‍ॅग्री किंवा उद्यानविद्येच्या पदवीधरासाठी कृषी विद्यापीठांमधली 'फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग' ही एम.एस्सी.ची शाखा आहे. अखिल भारतीय स्तरावर आयसीएआरची आणि राज्यात कृषी परिषदेची प्रवेश परीक्षा असते. पुष्पविज्ञानाची राष्ट्रीय संशोधन संस्थाही पुण्यातच आहे. या शाखेत वनस्पतीचे ज्ञान पक्के होते. आराखडा, चढउताराचे काम आणि बांधकाम तपशील मात्र कमी पडतात. ते बाहेरून शिकावे लागतात.

वनस्पतिशास्त्र, भूगोल, भूगर्भशास्त्र शिकलेल्यांनी जीआयएस, परिसंस्था पुनरुज्जीवन किंवा भूजल या बाजूने आत यावे. लँडस्केपच्या मोठ्या प्रकल्पात हे लोक लागतातच.

थोडक्यात, या मंडळींना घरात यायला मिळते, पण मागच्या दाराने.

परदेशात वेगळे काय आहे?

अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी दोन प्रकारची असते. आधीच डिझाइन शिकलेल्यांसाठी सुमारे दोन वर्षे आणि इतर कोणत्याही शाखेतून आलेल्यांसाठी तीन वर्षे. हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत अशा तीन वर्षांच्या वाटेने इतिहास, जीवशास्त्र, इंजिनिअरिंग शिकलेले विद्यार्थी येत आले आहेत. ब्रिटनमध्येही इतर शाखांतून येणाऱ्यांसाठी रूपांतर अभ्यासक्रम आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेने लँडस्केप आर्किटेक्चरचा समावेश स्टेम विषयांच्या यादीत केला.

म्हणजे जालन्याच्या सिव्हिल इंजिनिअरला हा विषय फिलाडेल्फियात शिकता येतो, पण स्वतःच्या देशात त्याला त्याच पदवीसाठी आधी पाच वर्षे मागे जावे लागते. परदेशाचा खर्च मोठा आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत, पण जागा मोजक्या आणि संस्थेच्या जागतिक क्रमवारीची अटही असते. शेती गहाण ठेवून परदेशी पदवी घ्यावी, असा सल्ला मी कोणाला देणार नाही.

मग बी.आर्क.ची अट चुकीची आहे का?

अटीमागे कारण आहे, ते मान्य करायला हवे. बी.आर्क.ची पाच वर्षे म्हणजे स्टुडिओची पाच वर्षे. कागदावर विचार करणे, प्रमाणात रेखाटणे, प्रतिकृती बनवणे, भरवर्गात आपल्या आराखड्याची चिरफाड ऐकणे ही सवय दोन सत्रांत लागत नाही. शिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने संरक्षित आहे. कोणीही उठून ती लावू नये, हे ग्राहकाच्या हिताचे आहे.

पण याच युक्तिवादाची दुसरी बाजू पाहा. बी.आर्क.च्या विद्यार्थ्याला माती, भूजल आणि वनस्पती दोन वर्षांत शिकवता येतात, असे आपण गृहीत धरतो. मग कृषी पदवीधराला रेखाटन आणि रचना तीन वर्षांत शिकवता येणार नाही, असे का मानायचे? माझ्यासारख्या इंजिनिअरिंग पदवीधरांना सर्व्हेइंगच्या तासाला लेव्हल लावून समतल रेषा काढायला शिकवले जाते. त्या रेषेवर पाणी थांबवायचे की झाड लावायचे की बसायला पार बांधायचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आर्किटेक्टला तो प्रश्न विचारला जातो, पण मुरमाची आणि चोपणाची ओळख त्याला पुस्तकातून होते. दोन्हीकडे अर्धे-अर्धे ज्ञान आहे. अर्धे कोणते आधी शिकले, यावर दार उघडे की बंद ठरवणे शहाणपणाचे नाही.

महाराष्ट्राने हे एकदा पाहिलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरलेले विलासराव साळुंखे इंजिनिअर आणि उद्योजक होते. नायगावात देवस्थानची ४० एकर जमीन घेऊन त्यांनी पाणलोटाचे काम केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे तर कुटुंबातल्या माणसांवर वाटायचे, भूमिहीनालाही वाटा द्यायचा, उसाला नकार द्यायचा. जमिनीची रचना आणि समाजाची रचना एकत्र मांडणारा तो आराखडा होता. तो करणाऱ्याची पदवी कोणती, हे कोणी विचारले नाही.

प्रवेशाआधी गावात बसून काय करता येईल?

पोर्टफोलिओ पुण्यात जाऊनच बनतो, हा समज चुकीचा आहे. उलट शहरातल्या मुलांकडे नसलेला माल तुमच्याकडे आहे. शिवार, गावठाण, गायरान, पांदण, बांध, ओढा, पार, बारव, खळे, माळ, काळी, मुरमाड, चोपण. हे शब्द नुसते शब्द नाहीत, जमिनीचे वर्गीकरण आहे. अभ्यासक्रमात जे 'साइट अ‍ॅनालिसिस' म्हणून शिकवतात, त्याची अर्धी तयारी घरातल्या बोलण्यात असते. ती कागदावर आणायची.

पहिले, आपल्या शिवाराचा नकाशा करा. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे. एसआरटीएम या उपग्रह मोहिमेची ३० मीटर चौकटीची उंचीची माहिती मोफत मिळते. इस्रोच्या भुवन पोर्टलवर प्रतिमा पाहता येतात. यातून समतल रेषा, उताराची दिशा आणि ओढ्याचा पाणलोट काढता येतो. ३० मीटरची चौकट एका वावरासाठी ढोबळ आहे, पण गावाच्या शिवारासाठी पुरते.

दुसरे, तो नकाशा घेऊन पावसात फिरा. पाणी नकाशाप्रमाणे जाते का ते पाहा. जिथे जात नाही तिथे कोणीतरी बांध फोडलेला असतो, मोरी चुकीच्या जागी असते किंवा ओढा नांगरलेला असतो. हे निरीक्षण मुलाखतीत कोणत्याही रंगीत चित्रापेक्षा वजनदार ठरते.

तिसरे, एक छोटी जागा निवडा आणि आराखडा करा. जिल्हा परिषदेच्या शाळेचे आवार चालेल. २०० चौरस मीटरच्या छतावर ७०० मिलिमीटर पावसात सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी पडते. ते कुठे न्यायचे, मुलांना दुपारी सावली कुठे हवी, प्रार्थनेची जागा कुठे, हे मांडा. याहून मोठे काम हवे असेल तर तालुक्यातच राजूरचा गणपती आणि महानुभाव पंथाचे जाळीचा देव ही तीर्थस्थाने आहेत. गर्दीच्या दिवशी रांग, सावली, पाणी, वाहनतळ, कचरा यांचे काय होते, ते पाहून एक मांडणी करा.

चौथे, झाडे ओळखा. धावडा हे एका झाडाचेही नाव आहे. लाकूड चिवट, मुरमाड उतारावर तग धरणारे, हिवाळ्यात पाने तांबूस होणारे, आणि त्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात जाणारा. परिसरातल्या अशा पन्नास स्थानिक झाडांची वही करा : नाव, माती, पाणी, पानगळ, घेर, उपयोग. रोपवाटिकेत गिरिपुष्प आणि निलगिरी सहज मिळते. धावडा, सालई, मोह कुठे लावायचे हे सांगणारा माणूस सहज मिळत नाही.

पाचवे, हाताने रेखाटन करा. रोज एक. सुंदर नसले तरी चालेल, प्रमाणात असावे.

नोकरीचे काय?

याबाबत गोड बोलून उपयोग नाही. पहिली नोकरी बहुधा पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा अहमदाबादच्या एखाद्या खासगी कार्यालयात मिळेल. काम गृहसंकुल, रिसॉर्ट, आयटी पार्कचे असेल. सुरुवातीचे पगार सॉफ्टवेअरशी तुलना करण्यासारखे नसतात. गावाकडे परत येऊन याच कामावर घर चालवणे आज तरी कठीण आहे, कारण गावाला या कामाची गरज असली तरी त्याचे पैसे देणारे खाते नाही.

आणि इथेच प्रश्न विद्यार्थ्याचा राहत नाही, धोरणाचा होतो. मागणी नाही म्हणून अभ्यासक्रम नाहीत, अभ्यासक्रम नाहीत म्हणून माणसे नाहीत, माणसे नाहीत म्हणून मागणी करायची हेच कोणाला सुचत नाही. हे चक्र कुठूनतरी तोडावे लागेल.

काय बदलायला हवे?

चार गोष्टी करता येण्यासारख्या आहेत.

एक, तीन वर्षांची पदव्युत्तर वाट. कृषी, सिव्हिल, वनस्पतिशास्त्र, भूगोलाच्या पदवीधरांसाठी पहिले वर्ष पायाभूत स्टुडिओचे आणि पुढची दोन वर्षे बी.आर्क.वाल्यांबरोबर. उपाधी 'आर्किटेक्ट' द्यायची की 'भूदृश्य रचनाकार', हा वाद नंतर घालता येईल. आधी वर्ग सुरू व्हावा.

दोन, मराठवाड्यात एक केंद्र. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, छत्रपती संभाजीनगरला आर्किटेक्चर आणि इंजिनिअरिंगची महाविद्यालये आहेत. मलिक अंबरच्या काळातली नहर, पाणचक्की, बीबी का मकबऱ्याची चारबाग आणि अजिंठ्याच्या वाघूर नदीचे वळण ही सगळी पाठ्यपुस्तके तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. पाणी आणि जमीन यांची रचना शिकण्यासाठी याहून चांगली प्रयोगशाळा देशात कमी ठिकाणी असेल.

तीन, जिल्हा परिषदेत एक जागा. ग्रामपंचायत विकास आराखडा आज मुख्यतः कामांची यादी असतो : इतके मीटर रस्ता, इतके पेव्हर ब्लॉक, एक हायमास्ट. यादीला नकाशा जोडा, असे बंधन घातले आणि तो तपासायला जिल्ह्यात एक प्रशिक्षित माणूस नेमला, तरी पुष्कळ पैसे वाहून जायचे थांबतील.

चार, मराठीत साहित्य. समतल रेषेपासून पाण्याच्या हिशेबापर्यंतचे शिक्षण मराठीतून देता येते. शब्द आपल्याकडे आहेत. कुळवाच्या आणि बांधाच्या भाषेत जे आधीच माहीत आहे, ते इंग्रजीत ऐकून मुलांना परके वाटावे, ही अडचण आपणच तयार केली आहे.

मग धावड्याच्या पदवीधराने काय करावे?

बारावीत असाल आणि गणित असेल तर बी.आर्क.चा विचार आत्ताच करा. वाट लांब आहे, पण स्वच्छ आहे. सिव्हिल झाले असेल तर पर्यावरण नियोजन किंवा नगररचना घ्या आणि सुट्टीत एखाद्या लँडस्केप कार्यालयात काम करा. कृषी झाले असेल तर फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग घ्या, सोबत क्यूजीआयएस आणि ऑटोकॅड शिका. परदेशाचा विचार शिष्यवृत्ती हातात आल्यावरच करा. आणि कोणतीही वाट धरली तरी शिवाराची वही बंद करू नका.

घरच्यांना मात्र एक गोष्ट नीट सांगायला हवी. हा विषय बंगल्यापुढच्या हिरवळीचा नाही. आपल्या वावरातली माती दर पावसाळ्यात कोणाच्या धरणात जाऊन बसते आणि ती इथेच थांबवायची कशी, याचा आहे. तो शिकायला निघालेल्या मुलीला घरातून परवानगी मिळेलही. प्रवेशाच्या खिडकीतही ती मिळावी, एवढी व्यवस्था करणे राज्याला अवघड नाही.